पाहुणेवाले काका

“पायात काय घातलंय?”

पाहुणा दारात आला की काकांचा पहिला प्रश्न हा. नाव, गाव, नातं सगळं नंतर. ते वाकून त्याच्या पायांकडे बघायचे आणि लेसचे बूट दिसले की मान हलवायचे. “भिया, हे नाही चालायचं. दिवसात सहा वेळा काढायचे आहेत. तुमच्या लेस बांधण्यातच संध्याकाळ होऊन जाईल.” मग जिन्याखालच्या फळीवरून चपलांचा एक जोड खाली यायचा. तिथे त्यांनी पाच मापांच्या चपला ठेवल्या होत्या, खास पाहुण्यांसाठी. आमच्या समोरच्यांचे व्याही, भोपाळचे मोठे इंजिनियर, इस्त्रीची पँट आणि काकांच्या निळ्या रबरी चपला अशा थाटात अख्खं इंदूर फिरले. फोटोतही त्या चपला आल्या. व्याही आजही तक्रार करत नाहीत.

सुदामा नगरच्या आमच्या गल्लीत कुणाकडेही बाहेरगावचं माणूस आलं, की दुसऱ्या दिवशी सकाळी ते काकांच्या ताब्यात जायचं. ही रीत कुणी पाडली ठाऊक नाही. घरातल्यांना नोकऱ्या, मुलांना शाळा, आणि इंदुरात राहणाऱ्याला इंदूर बघायची फुरसत कधी असते? काका निवृत्त. त्यांचे आजे-पणजे संस्थानच्या दफ्तरात कारकून आणि ते स्वतः सरकारी कचेरीत नकाशांच्या खोलीत. सारी नोकरी शहर कागदावर बघितलं, आता पायी बघून राहिलोय, म्हणायचे. गल्लीतली पोरं त्यांना पाहुणेवाले काका म्हणायची. मग मोठी माणसंही तेच म्हणू लागली आणि त्यांचं खरं नाव फक्त विजेच्या बिलावर उरलं.

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल. बघा आठवून. आणि आठवला तर मी पुढे जे सांगणार आहे ते जरा लक्ष देऊन वाचा.

काकांचे नियम होते. सकाळी साडेसातला निघायचं, ते उपाशीपोटी. “कुछ खाया नहीं ना? बस, मग चला.” घरून काही खाऊन आलेल्या पाहुण्यावर ते खरोखर नाराज व्हायचे. माझ्या मावशीने बिचारीने मधुमेहाची गोळी घ्यायची म्हणून दोन बिस्किटं खाल्ली होती, तर त्या बिस्किटांवरून त्यांनी तिला राजवाड्यापर्यंत ऐकवलं.

दुसरा नियम, एका दुकानात एकच गोष्ट खायची. पोहे एका ठिकाणी, जिलबी दुसऱ्या ठिकाणी, दोन्ही शेजारी शेजारी मिळत असली तरी. “पोहेवाल्याची जिलबी म्हणजे नकाशेवाल्याचं गाणं,” ते म्हणायचे. “येतं थोडंफार. पण ऐकायला कोणी जात नाही.” वाफेवर ठेवलेले पोहे, वर शेव, जिरावणाचा मसाला, कांदा, लिंबू. पाहुणा पहिला घास घेईपर्यंत काका त्याच्या तोंडाकडे बघत उभे राहायचे. स्वतः हातात प्लेट घेऊन खात असायचे, पण लक्ष त्या तोंडाकडे.

मग राजवाडा. रस्त्याच्या पलीकडे उभं करून ते पाहुण्याला मजले मोजायला लावायचे, मोठ्याने, बोट दाखवून. कुणाचे सहा यायचे, कुणाचे आठ. सात आल्याशिवाय पुढे जायचं नाही. काच मंदिरात छताकडे बघायला सांगून विचारायचे, किती जण दिसतात? पाहुणा गोंधळला की हळूच म्हणायचे, सगळे तुम्हीच आहात, घाबरू नका. छप्पन दुकानावर खोपरा पॅटीस झाली की शिकंजी मागवायचे. बाहेरच्या माणसाला वाटतं लिंबाचं सरबत येणार, उन्हात बरं वाटेल. येतं ते घट्ट, केशरी, सुकामेव्याचं दूध. पाहुण्याचा चेहरा बघून दरवेळी काका असे हसायचे जणू हा प्रकार त्यांनाही आत्ताच कळला. शेकडो वेळा पाहिलेली गंमत पहिल्यांदा पाहिल्यासारखी बघता येणं, हे मला अजून जमलेलं नाही.

आणि स्टेडियम. इंटरनॅशनल मॅचच्या दिवशी ते तिकडे फिरकत नसत. त्या दिवशी स्टेडियम दिसत नाही, नुसती डोकी दिसतात, असं त्यांचं मत. ते न्यायचे रणजीच्या मॅचला, ऊन कोवळं असताना. सगळं स्टेडियम रिकामं. वीस-पंचवीस म्हातारे, दोन-चार कॉलेजची मुलं आणि आमचा पाहुणा. तिथे तासभर बसवायचे. ज्याला क्रिकेटमधलं काही कळत नाही त्यालाही. “मॅच बघू नका, हिरवळ बघा. असं एवढं मोठं मैदान आणि आपण एवढेच, हे कधी मिळतं?” माझे सासरे तिथे चक्क झोपले. काकांनी उठवलं नाही. घरी आल्यावर म्हणाले, तुमच्या सासऱ्यांना स्टेडियम समजलं.

आता माझं थोडं सांगतो. मी बी.कॉम. आहे. हल्ली ती मोठी गोष्ट राहिलेली नाही हे मला कळतं, पण आमच्या घरात ती होती. पणजोबा संस्थानच्या फौजेत, म्हणजे ऐकायला रुबाब, काम घोड्यांचं. वडील कापडाच्या मिलमध्ये. मिल बंद पडल्यावर सिक्युरिटी गार्ड. कॉलेजची पायरी चढलेला घरातला पहिला माणूस मी, आणि हे मी जिथे तिथे सांगतो. बायको म्हणते, बस करा आता. मी बस करत नाही.

निकाल लागला त्या दिवशी पेढे द्यायला काकांकडे गेलो. त्यांनी पेढा हातात तसाच धरला आणि विचारलं, लालबागचा महाल पाहिलास का? मी म्हटलं, बाहेरून. राजवाड्याच्या आत? नाही. आमच्या घरात ‘बघायला जाणं’ ही गोष्टच नव्हती. वडिलांनी शहर पाहिलं ते सायकलवरून, शिफ्टला जाता-येता. काका म्हणाले, “उद्या साडेसातला ये. उपाशी ये. उद्या तू पाहुणा.”

त्या दिवशी त्यांनी मला सगळं दाखवलं, इंजिनियर व्याह्यांना दाखवलं तसंच, एक पायरीही कमी न करता. मलाही मजले मोजायला लावले. माझे पहिल्या फटक्यात सात आले. काका माझ्याकडे बघून म्हणाले, पढ़ा-लिखा है भई. मी आज विजय नगरच्या ऑफिसात ज्या खुर्चीवर बसतो तिथे बसल्यावरही मला तेवढं मोठं वाटलं नव्हतं.

काकू गेल्या तेव्हा गल्लीला वाटलं, आता काकांचं फिरणं थांबेल. उलट वाढलं. आम्हीही बरं म्हटलं, मन रमतंय. आम्ही आणखी पाहुणे पाठवू लागलो.

मग एका सकाळी बँकेच्या रांगेत काकांना चक्कर आली. खाली बसले, पाणी प्यायले, रिक्षाने घरी आले. “ऊन होतं,” म्हणाले. डिसेंबर होता. कुणीतरी पुण्याला फोन केला आणि आठ दिवसांत त्यांचा मुलगा आणि सून हजर झाले. मुलगा ठरवूनच आला होता, घराला कुलूप आणि बाबा पुण्याला. एकटं ठेवणार नाही. काका नाही म्हणाले. दोन दिवस बाप-लेकांचं बोलणं भिंतीपलीकडून आमच्याकडे ऐकू येत होतं, म्हणजे मुलाचं येत होतं. काका नुसते “बघू” म्हणायचे.

तिसऱ्या दिवशी काका माझ्याकडे आले. स्कूटरवर तिघं मावत नाहीत, रविवारी तुझी गाडी आण, म्हणाले. मुलाशी त्यांनी बोली केली होती. “मी त्याला म्हटलं, मला एक दिवस दे. एक दिवस मी सांगतो तसं माझ्याबरोबर फिर. संध्याकाळी तू म्हणशील ते. चल म्हणालास तर बॅग भरीन.” हे सांगताना ते हसत होते, पण हातातल्या रुमालाची घडी घालत होते, मोडत होते. शहर दाखवून माणूस वळवता येतो यावर त्यांचा विश्वास होता. इतकी माणसं वळलेली त्यांनी पाहिली होती.

रविवारी साडेसातला आम्ही निघालो. मी गाडी चालवत होतो, काका शेजारी, मागे मुलगा आणि सून. सून पुण्याची, इंदुरात दोनदाच आलेली, तेही लग्नाच्या घाईत आणि सासू गेली तेव्हा. तिला सगळं आवडत होतं. पोहे आवडले, शिकंजीला ती अशी फसली की काकांना ठसका लागला. राजवाड्याचे तिचे मजले सहा आले, पाच आले, मग सात. मुलगा बोलत नव्हता. मजले मोजायला सांगितल्यावर त्याने वर न बघताच सात म्हटलं.

नशीब असं की स्टेडियममध्ये रणजीची मॅच होती. बसलो. ऊन छान पडलं होतं. काका मुलाच्या शेजारी बसले आणि त्यांचं नेहमीचं सुरू झालं, या बाजूने बघा, इथून हिरवळ जास्त हिरवी दिसते, तुमच्या पुण्याला असं निवांत मिळायचं नाही साहेब.

साहेब. स्वतःच्या मुलाला. माझ्या लक्षात आलं, सुनेच्याही. काकांच्या आलं नाही. ते मैदानाकडे बोट दाखवून बोलतच राहिले. मुलगा शांतपणे म्हणाला, “बाबा, मी इथे वाढलोय.” काकांनी बोट खाली घेतलं. मग म्हणाले, हो हो, अरे, पण बारकाईने कुठे पाहिलंयस.

शेवटचा मुक्काम लालबाग. ते आमच्या घराच्या वाटेवर, म्हणून नेहमीच शेवटी. काकांचा तिथला एक किस्सा सगळ्या गल्लीला पाठ होता. महालाचं स्वयंपाकघर म्हणे खान नदीच्या पलीकडे होतं, धुराचा, वासाचा त्रास नको म्हणून. जेवण भुयारातून यायचं. नदीच्या बाजूला उभं करून काका हे सांगायचे आणि शेवट ठरलेला असायचा.

त्या दिवशीही त्यांनी सुनेला सगळं सांगितलं. भुयार, चांदीची ताटं, पळणारे वाढपी. मग म्हणाले, “आता मला सांग, भुयारातून येईस्तोवर पोळी गरम राहील का? एवढा राजा, पण गरम पोळी त्याच्या नशिबात नव्हती. आपण बरे. आपल्याला तव्यावरची मिळते.”

इथे पाहुणा हसतो. सून हसलीही.

मुलाने विचारलं, “तुम्हाला कोण देतं, बाबा?”

काका म्हणाले, काय?

“तव्यावरची पोळी. तुम्हाला कोण देतं? सकाळपासून इंदूर दाखवलंत. सगळं छान आहे, मला माहीत आहे छान आहे. तुम्ही रोज संध्याकाळी काय जेवता, ते दाखवा. ते एक बघायचं राहिलं.”

काका म्हणाले, अरे, करतो काहीतरी. मुलगा म्हणाला, दाखवा. तो चिडलेला नव्हता. चिडला असता तर काकांनी उत्तर दिलं असतं.

घरी आलो. मी दारातूनच परत फिरणार होतो, पण काकांनी माझं मनगट धरून ठेवलं होतं, म्हणून मलाही आत जावं लागलं. सुनेने ओट्यावर बघितलं, मग डबे उघडले. पिठाच्या डब्यात तळाला मूठभर पीठ, त्यात जाळी धरलेली. डाळीच्या डब्याचं झाकण घट्ट बसलेलं, उघडेना. तवा खिळ्याला होता, त्यावर बोट फिरवलं तर धुळीची रेघ उमटली. फ्रिजमध्ये दूध. आणि ओट्याच्या कोपऱ्यात एक मोठा डबा भरलेला, वापरातला, पुसलेला. त्यात शेव-परमल. कुरमुरे आणि शेव.

“रोज?” मुलाने विचारलं.

“रोज कसं? पाहुणे असले की बाहेर होतंच ना,” काका म्हणाले. “नसले की संध्याकाळी हे. हलकं असतं. एकट्यासाठी कोण कुकर लावणार, यार.”

मी त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहतो. आमच्या कुकरच्या शिट्ट्या त्यांना ऐकू जात असणार. माझी मावशी, माझे सासरे, माझ्या ऑफिसातली दोन माणसं मी त्यांच्याकडे पाठवली होती. संध्याकाळी पाहुणे हसत परत यायचे, आमच्याकडे पानं घेतली जायची, आणि काका फाटकातूनच “चला, उद्या भेटू” म्हणून घरी जायचे. काकू गेल्यापासूनच्या चार वर्षांत एकदाही आमच्यापैकी कुणी विचारलं नाही, काका, तुम्ही जेवलात का? इतरांना एवढं खिलवणारा माणूस जेवलेलाच असणार, असं आम्ही धरून चाललो होतो. मी शिकलेला माणूस. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण लिहितो.

काका खुर्चीत बसले. बोली त्यांच्या लक्षात होती. “बॅग वरच्या कपाटात आहे,” ते मुलाला म्हणाले. “उतरवून दे.”

तेवढ्यात आमच्या फाटकाशी उभी असलेली माझी बायको हे बोलणं ऐकून आत आली. तिने डबा पाहिला, तवा पाहिला, माझ्याकडे पाहिलं. मग मुलाला म्हणाली, “भाऊ, आजपासून काका आमच्याकडे जेवतील. रोज, दोन्ही वेळ. महिनाभर बघा. महिन्याने येऊन त्यांचं वजन करा, कमी भरलं तर घेऊन जा.”

मुलगा म्हणाला, वहिनी, असं किती दिवस चालणार?

“ते मी बघीन. एकटीने थोडंच करणार आहे? सगळ्या गल्लीने पाहुणे पाठवलेत यांच्याकडे.”

मुलाने काकांकडे बघितलं. काका पायांकडे बघत होते. शेवटी त्याने विचारलं, “बाबा, तुम्ही जाल जेवायला? लाजणार नाही?” काकांनी मान हलवली. त्यांना काय कबूल होतं, जाणं की लाजणं, ते त्या मानेवरून कळेना. पण बॅग कपाटातच राहिली.

बायकोने दुसऱ्या दिवशी गल्लीत फिरून वार वाटून घेतले. सोमवार-मंगळवार आमच्याकडे, बुधवार समोरच्यांकडे, असे. महिन्याने मुलगा आला तेव्हा त्याने खरंच वजन केलं, आमच्याच बाथरूममधल्या काट्यावर. काटा बघून एकटाच परत गेला. काका राहिले. पुढे तीन वर्षं राहिले.

पण जेवायला बसले की काका बदलत. दुकानादुकानांत नेऊन दुसऱ्याला खायला लावणारा माणूस आमच्या ताटावर अंग चोरून बसायचा. हात-पाय धुऊन, शर्टाचं वरचं बटण लावून यायचे. वाढलेलं सगळं संपवायचे, छान झालंय म्हणायचे, आणि दुसऱ्यांदा काही न्यायला गेलं की ताटावर हात आडवा. “बस, बस. भरपूर झालं.” मीठ कमी असलं तरी मागायचे नाहीत. बायकोला राग यायचा. म्हणायची, तीन वर्षं झाली, हे अजून आमच्याकडे राजवाडा बघायला आल्यासारखे बसतात. माझा मुलगा त्यांच्या समोर बसून चार पोळ्या ओरबाडायचा, त्याकडे ते कौतुकाने बघायचे आणि आपल्या दोन खाऊन उठायचे.

गेल्या वर्षी गुडघ्यांनी जवाब दिला. राजवाड्यासमोर उभं राहता येईना, गाडीतूनच मजले मोजून घेऊ लागले. तिकडे पुण्यात नात झाली. यावेळी मुलाने काही म्हटलं नाही. काकाच म्हणाले, जाऊन येतो आता. येतो म्हणाले, पण भांडी वाटून टाकली, तेव्हा आम्हाला कळलं.

निघायचा दिवस मंगळवार, म्हणजे आमचा. गाडी दुपारची. मी ऑफिसातून सुट्टी घेतली होती. मुलगा घ्यायला आला होता, तोही पानावर बसला. बायकोने त्यांच्यासाठी पुरणबिरण काही केलं नाही. तिचं म्हणणं, निरोपाचं जेवण केलं की माणूस खरंच जातो. साधी तुरीच्या डाळीची आमटी, भात, वांग्याची भाजी, पोळ्या.

काका शर्टाचं वरचं बटण लावूनच आले होते. उकडत होतं. बसताना त्यांनी ते काढलं. पहिली पोळी झाली, दुसरी झाली. मुलगा घड्याळाकडे बघत होता. सगळ्यांचं जवळजवळ आटोपत आलं होतं आणि बायको तवा उतरवायला आत गेली होती.

काकांनी भाताचं आळं केलं, वाटी उलटी करून बघितली, आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून आवाज दिला, “अगं, आमटी संपली काय? आण ना जरा. आणि एक पोळी टाक अजून, गरम.”

आतून गॅस पुन्हा पेटवल्याचा आवाज आला.